प्राण्यांची टॅरो आणि ओरॅकल कार्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं प्राण्यांचे डेक, म्हणजे मनातल्या प्रश्नावर पान काढून बघायचे चित्रांचे संच, वापरते आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या शेजारी बसूनही पुष्कळ पानं उघडली आहेत. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते. काही उत्तरांत माझं मत आलं आहे. ते असं: पान उघडलं की आधी प्राणी बघावा, डेकसोबत मिळणारी अर्थांची पुस्तिका नंतर.

टॅरो आणि ओरॅकल यांत नेमका फरक काय?

टॅरोची चौकट ठरलेली आहे. एकूण ७८ पानं. त्यातली २२ मेजर अर्काना, म्हणजे 'फूल'पासून (इंग्रजीतला Fool, वेडा) 'वर्ल्ड'पर्यंतची (जग) मोठी चित्रं. उरलेली ५६ मायनर अर्काना: वाँड्स (दंड), कप्स (पेले), सोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी) असे चार रंग, प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि पेज, नाइट, क्वीन, किंग ही चार दरबारी पानं. चित्रात राणीच्या जागी वाघीण बसली तरी ती राणीच राहते. त्यामुळे एक टॅरो डेक शिकलात की दुसरा हातात घेताना पाटी कोरी नसते.

ओरॅकलला असं बंधन नाही. चित्रकाराला तीस प्राणी सुचले तर तीस पानं, साठ सुचले तर साठ. १९८८ साली आलेल्या आणि खूप गाजलेल्या 'मेडिसिन कार्ड्स' या संचात ४४ प्राणी होते. १९९४च्या 'ड्रुइड अ‍ॅनिमल ऑरॅकल'मध्ये ३३ पानं होती. दोन्ही पूर्णच म्हणायचे.

या दोहोंच्या मधे लेनोरमाँ नावाची ३६ पानांची पद्धत आहे. तिचीही पानं ठरलेली असतात आणि त्यात प्राण्यांची चांगली वर्दळ आहे: ७ साप, १२ पक्षी, १४ कोल्हा, १५ अस्वल, १७ करकोचा, १८ कुत्रा, २३ उंदीर, ३४ मासे. प्राण्यांचा ओढा आहे पण ७८ पानांची धास्ती वाटते, अशांना मी आधी ही पद्धत सुचवते.

प्राण्यांचे डेक ही अलीकडची टूम आहे का?

मुळीच नाही. पत्त्यांवर प्राणी हे टॅरोइतकेच जुने आहेत, किंबहुना थोडे आधीचे. जर्मनीत श्टुटगार्टच्या संग्रहालयात साधारण १४३० सालचा एक हाताने रंगवलेला जोड आहे. ५२ पानांपैकी ४९ टिकली आहेत आणि त्याचे चार रंग म्हणजे बदक, ससाणा, हरीण आणि शिकारी कुत्रा. टॅरोचा जन्म त्यानंतर थोड्याच वर्षांत उत्तर इटलीत झाला, आणि तोही भविष्यासाठी नव्हे, हुकमाच्या पानांनी डाव जिंकायचा खेळ म्हणून. अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशात 'टिअरटारॉक' नावाचे डेक निघाले. त्यात हुकमाच्या पानांवरची जुनी इटालियन चित्रं काढून सरळ प्राणी छापलेले असत. लोक त्यावर डाव मांडत, कुणी त्यातून नशीब विचारत नसे.

टॅरोला गूढ अर्थ चिकटले ते मुख्यतः १७८१नंतर, जेव्हा फ्रान्समध्ये कूर द जेबलँ या लेखकाने ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचं लिहिलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडायला १८२२ साल उजाडलं, आणि तिच्यात टॅरोचा मागमूसही सापडला नाही. लेनोरमाँची मुळंही अशीच खेळात आहेत. न्यूरेंबर्गच्या हेक्टेल यांनी १८००च्या सुमारास काढलेला तो फाशांनी खेळायचा 'आशेचा खेळ' होता. फ्रान्सच्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्या मादमोआझेल लेनोरमाँ यांचं नाव त्याला १८४३ साली त्या वारल्यानंतर लागलं.

हा इतिहास कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. मला उलट हायसं वाटलं होतं. पानांचे अर्थ माणसांनीच टप्प्याटप्प्याने घातलेले आहेत, म्हणजे आपणही त्यात भर घालू शकतो.

साध्या टॅरोतही प्राणी असतात ना? मग वेगळा डेक कशाला?

असतात, आणि वेगळा डेक घेण्याआधी ते जरूर बघावेत. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा रायडर-वेट-स्मिथ डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. फूलच्या पायाशी पांढरा कुत्रा आहे, स्ट्रेंग्थमध्ये (ताकद) सिंह, डेथ (मृत्यू) आणि सन (सूर्य) या दोन्ही पानांत पांढरा घोडा, वाँड्सच्या राणीपुढे काळी मांजर, पेंटॅकल्सच्या राणीजवळ ससा. कप्सच्या पेजने हातात पेला धरलाय आणि त्यातून एक मासा तोंड बाहेर काढून त्याच्याकडे बघतोय.

माझं सर्वांत लाडकं पान पेंटॅकल्सची नव्वी. द्राक्षांच्या बागेत एक श्रीमंत बाई उभी आहे आणि तिच्या हातमोज्यावर ससाणा बसलेला आहे. बहुतेक जण एवढंच बघून पुढे जातात. नीट पाहिलंत तर ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी आहे. शिकारीचा पक्षी शांत राहावा म्हणून पाळणारे अशी टोपी घालतात. आणि अगदी खाली, जमिनीवर, एक गोगलगाय आपली वाट चालते आहे. समृद्धीच्या या चित्रात एक जीव उडू शकतो पण त्याचे डोळे झाकलेले आहेत, दुसरा सरपटतो पण स्वतःच्या वेगाने आणि स्वतःचं घर पाठीवर घेऊन. ही दोघं दिसल्यापासून मी या पानाला निव्वळ 'सुखाचं पान' म्हणणं सोडून दिलं.

वेगळा डेक घ्यायचा तो एवढ्यासाठी की त्यात प्राणी कोपऱ्यातून मध्यभागी येतो.

घुबड आलं तर ते अशुभ मानायचं का?

हा प्रश्न मराठीत हमखास येतो. बाहेरच्या बहुतेक डेकमध्ये घुबड म्हणजे ज्ञान, पण आपल्या कानाला घुबड म्हटलं की अभद्र ऐकू येतं. 'घुबडासारखा बसलाय' ही काही स्तुती नव्हे.

एकदा एक मैत्रीण माझ्यासमोर बसली होती. नोकरी सोडावी की नाही, हा तिचा प्रश्न. तिने पान उलटलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "घुबड! संपलंच मग," ती म्हणाली. पुस्तिकेत त्याखाली 'शहाणपण' लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि मनातली भीती तशीच घेऊन घरी गेली असती. म्हणून मी पुस्तिका मिटलेलीच ठेवली आणि म्हटलं, नुसतं पक्ष्याकडे बघ, तो काय करतोय? ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मान मागे वळवली आहे. अंग मात्र पुढेच आहे."

तेव्हा मी तिला सांगितलं की घुबडाला आपल्यासारखे डोळे फिरवता येत नाहीत, ते खोबणीत घट्ट बसलेले असतात. बाजूचं काही बघायचं तर त्याला सगळी मान वळवावी लागते, आणि ती २७० अंशांपर्यंत वळते. यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग आपण होऊन आधीच्या नोकरीबद्दल बोलू लागली, जी तिने रागाच्या भरात सोडली होती आणि जिच्याकडे त्यानंतर वळूनही पाहिलं नव्हतं. तासभर आम्ही त्यावरच बोललो. 'शहाणपण' हा शब्द एकदाही आला नाही.

तेव्हा उत्तर असं: लहानपणापासून मनात बसलेला अर्थ दडपू नका, तो उच्चारा. त्यानंतर पक्षी बघा. पुस्तिका उघडायची ती सगळ्यात शेवटी.

पुस्तिकेतला अर्थ आणि प्राण्याचा खरा स्वभाव जुळत नसेल तर?

मी प्राण्याच्या बाजूने उभी राहते. पुस्तिका लिहिणारा माणूस चित्रकलेत तयार असेल, पण त्याने तो प्राणी अभ्यासलेला असेलच असं नाही.

लांडग्याचंच घ्या. कितीतरी डेकमध्ये लांडगा म्हणजे 'अल्फा', कळपावर हुकमत गाजवणारा. ही कल्पना बंदिवासात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. तिचा प्रसार करणाऱ्यांपैकी लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच पुढे, १९९९ साली, रानातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडून ती दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आईवडील आणि त्यांची वेगवेगळ्या वयाची पिल्लं. हे कळल्यावर ते पान सत्तेचं राहत नाही, घरात मोठं माणूस असण्याचं होतं. प्रश्नच बदलतो.

साप म्हणजे परिवर्तन, असं जवळजवळ प्रत्येक पुस्तिका सांगते. 'जुनं टाका, नवे व्हा.' पण कात टाकण्याआधीचे दिवस कुणी सांगत नाही. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साचतो, डोळ्यावरचा पारदर्शक खवला निळसर दुधी होतो आणि सापाला नीट दिसेनासं होतं. या काळात तो बहुधा खात नाही, आडोशाला पडून राहतो, डिवचलं तर चटकन चिडतो. कात निघते त्यानंतर काही दिवसांनी. हे माहीत असेल तर साप आल्यावर मी कुणालाही 'बदला' असं सांगत नाही. सध्या धूसर दिसतंय का, चिडचीड होतेय का, एवढंच विचारते. माणसं जवळजवळ नेहमीच हो म्हणतात आणि खुर्चीत जरा सैल बसतात.

तिसरा सरडा. सरड्यासारखा रंग बदलणारा म्हणजे बेभरवशाचा, असं आपली भाषा म्हणते. प्रत्यक्षात नर सरडा विणीच्या काळात लालभडक होतो तो लपायला नव्हे, दिसायला. प्रतिस्पर्ध्याला आणि मादीला तो उघडउघड सांगत असतो, मी इथे आहे. दोन्ही अर्थ मनात ठेवून हे पान वाचा, फार बोलतं.

टॅरो डेक घेण्याआधी कोणती पानं तपासावीत?

मुखपृष्ठावरचा देखणा हत्ती बघून घेऊ नका. चार-पाच अवघड पानं बघा.

पहिलं स्ट्रेंग्थ. मूळ चित्राचा सगळा जीव दोघांत आहे: सिंह आणि त्याच्या जबड्यावर हलका हात ठेवणारी स्त्री. सगळेच प्राणी झाले की हात नाहीसा होतो, आणि पुष्कळ डेकमध्ये नुसता डरकाळी फोडणारा सिंह उरतो. तो ताकदीचा झाला, पण ताकदीला सावरणाऱ्याचा नाही. चांगला चित्रकार यातून वाट काढतो. सिंहीण जबड्यात पिल्लू धरून नेते आहे असं चित्र मी पाहिलं आहे आणि त्यापुढे बराच वेळ थांबले आहे. (या पानाचा क्रमांक काही डेकमध्ये ८ आणि काहींत ११ असतो. जुन्या परंपरेत ११. हे पान सिंह राशीचं मानतात, म्हणून राशींचा क्रम जुळवायला १९०९च्या डेकमध्ये ते ८वर आणलं. छपाईची चूक समजू नका.)

दुसरं मून (चंद्र). तिथे कुत्रा, लांडगा आणि पाण्यातून वर येणारा खेकड्यासारखा झिंगा असतो. पाळीव, रानटी आणि पाण्याच्या तळातलं, अशा तीन पायऱ्या त्या चित्रात आहेत. तुमच्या डेकमध्ये त्या टिकल्यात का बघा.

तिसरं कप्सची पंजी. तिथे दुःख दिसायला हवं, आणि प्राण्याच्या चेहऱ्यावर माणसासारखे अश्रू न काढता, त्याच्या बसण्यातून, मानेच्या झुकण्यातून. चित्रकाराने त्या प्राण्याकडे खरोखर बघितलंय की नाही, हे या पानावर लगेच कळतं.

आणि सोर्ड्सची दश्शी. मूळ चित्रात पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस आहे. काही डेकमध्ये त्याच्या जागी प्राणी येतो. मला ते बघवत नाही. तुम्हालाही तसं होत असेल तर हे पान घेण्याआधीच शोधून बघा, कारण कधी ना कधी ते समोर येणारच.

पान हातात मावतं का हेही बघा. टॅरोचं नेहमीचं पान साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब असतं. ओरॅकलची पानं बऱ्याचदा त्याहून मोठी असतात आणि लहान हातांना पिसायला जड जातात.

चार रंगांना प्राणी कसे वाटलेले असतात?

बहुतेक वेळा तत्त्वांवरून. कप्स म्हणजे पाणी, तिथे मासे, व्हेल, कासव. सोर्ड्स म्हणजे वारा, तिथे पक्षी. पेंटॅकल्स म्हणजे माती, तिथे हरणं, ससे, अस्वलं. वाँड्स म्हणजे आग, तिथे सिंह, साप, सरडे. पक्षी दिसला की विचारांचं पान, मासा दिसला की भावनेचं, इतकं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं. एखाद्या डेकने ही वाटणी मोडली असेल तर पुस्तिकेत कारण दिलेलं असतं. ते पटलं नाही तर तो डेक माझ्या हाताशी राहत नाही.

पहिला डेक दुसऱ्याने भेट दिलेलाच हवा का?

नाही. स्वतः निवडून घ्या. ज्या प्राण्यांशी तुमचं काही नातं आहे ते तुम्हालाच ठाऊक.

रोज कसं वापरावं?

सकाळी एक पान. चित्राकडे मिनिटभर बघा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: प्राणी काय करतोय, तो कुठे बघतोय, चित्रात तो नसता तर काय उरलं असतं. अर्थ लिहूच नका. रात्री वही पुन्हा उघडा आणि दिवसात काय घडलं ते शेजारी लिहा. महिनाभरात तुमची स्वतःची पुस्तिका तयार होते.

मोठा प्रश्न असेल तर मी तीन पानं मांडते. पहिलं, मी या प्रसंगात कोणत्या प्राण्यासारखी वागते आहे. दुसरं, समोरचं माणूस मला कोणता प्राणी वाटतं. तिसरं, हे दोघं रानात भेटले तर काय होईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत मिळत नाही, ते प्राण्यांबद्दल वाचूनच मिळतं. ससा आणि कासव आले तर भांडणाचं कारणच नाही. मुंगूस आणि साप आले तर अंतर ठेवलेलं बरं.

उलटं पान आलं तर?

प्राण्यांच्या डेकमध्ये मी पानं सरळ करून घेते. उलटा लटकलेला हत्ती मला काही सांगत नाही. अपवाद वटवाघळाचा, ते उलटं आलं तरी सरळच वाटतं.

तोच प्राणी वारंवार येतोय. काही संकेत आहे का?

आधी थोडा हिशेब करू. ४४ पानांचा डेक असेल आणि रोज नीट पिसून एक पान काढलंत, तर नऊ दिवसांत कुठलं तरी पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. शिवाय मोठी पानं आपण हातावर वरखाली करून पिसतो, त्यात पानांचे गठ्ठे तसेच राहतात आणि काल वर असलेलं पान आजही वरच्या भागात असतं. टेबलावर सगळी पानं पालथी पसरून दोन्ही हातांनी गोल फिरवा, मग बरंच मिसळतं.

आणि तरीही, कोल्हा तिसऱ्यांदा आला आणि तुम्हाला हसू फुटलं किंवा पोटात खड्डा पडला, तर त्या भावनेकडे जरूर बघा. कोल्हा योगायोगाने आला असेल. खड्डा तुमचाच आहे.

'स्पिरिट अ‍ॅनिमल', 'टोटेम' हे शब्द वापरावेत का?

मी टाळते. 'टोटेम' हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेला आहे आणि त्यांच्यात तो कुळाशी, नात्यागोत्याशी जोडलेला आहे. कुणी कुठल्या कुळातला, कुणाचं लग्न कुणाशी होऊ शकतं, हे त्यावर ठरत असे. पान उचलून पाच मिनिटांत 'माझं टोटेम गरुड' म्हणणं त्यामानाने फार स्वस्त होतं. तिथल्या मूलनिवासी समाजातल्या अनेकांनी याबद्दल नाराजी बोलून दाखवली आहे आणि ती मला पटते. 'सोबतीचा प्राणी' किंवा नुसतं 'आजचं पान' म्हटलं तरी काही अडत नाही. डेक घेताना चित्रकार कोणत्या समाजाच्या कथा वापरतोय आणि त्या कुणाच्या हे तो सांगतोय का, हेही बघावं.

यातून भविष्य कळतं का? आजारी कुत्र्याबद्दल विचारलं तर चालेल का?

भविष्य कळत नाही. स्वतःच्या मनात काय चाललंय ते बऱ्याचदा कळतं. कुत्रा किंवा मांजर आजारी असेल तर पानं बाजूला ठेवा आणि त्याला पशुवैद्यांकडे न्या, लगेच. घरी परतल्यावर, ते औषध घेऊन झोपलेलं असताना, तुमच्या काळजीसाठी एखादं पान काढलंत तर त्यात काहीच गैर नाही. मीही काढलेलं आहे.

नक्कल केलेला किंवा यंत्राने चित्रं काढलेला डेक कसा ओळखावा?

नकली प्रतीत पान पातळ असतं, रंग गढूळ असतात, कडा खरबरीत लागतात आणि छापील पुस्तिकेऐवजी बहुधा नुसता क्यूआर कोड मिळतो. यंत्राने काढलेल्या चित्रांसाठी माझा उपाय सोपा आहे: पाय मोजा. कोळ्याला आठ, मुंगीला सहा आणि तेही तिन्ही जोड्या मधल्या भागातून निघालेल्या. घुबडाला प्रत्येक पायाला चार बोटं. ज्याने प्राणी समोर ठेवून रेखाटला आहे त्याच्या हातून हे चुकत नाही.

स्वतःचा डेक बनवता येईल का?

नक्की, आणि चित्रकला यायलाच हवी असं नाही. बारा कोऱ्या जाड कागदांपासून सुरुवात करा. ज्या प्राण्याला तुम्ही स्वतः, निदान पाच मिनिटं सलग पाहिलं आहे, त्यालाच पान द्यायचं, एवढा एक नियम पाळा. गरुड आणि वाघ आपोआप गळतात. माझ्या डेकमध्ये पहिली आली ती पाल. ट्यूबलाइटशेजारी, पोटातली अंडी पारदर्शक कातडीतून दिसत होती आणि ती अर्धा तास जागची हलली नाही. मग मुंगी, चिमणी, भटकी कुत्री, खिडकीच्या काचेवर धडका देणारी गांधीलमाशी. सध्या अकरा पानं झाली आहेत. बारावं मी कोरं ठेवलं आहे आणि पिसताना तेही सगळ्यांत मिसळते.